तोरणाची मागची बाजू

दारावरचं तोरण मी घरात बसून बघते, आणि घरातून त्याची फक्त मागची बाजू दिसते. जुन्या साडीचे काठ कापून, त्यावर मणी आणि टिकल्या शिवून यंदा मी ते घरीच केलं. पुढून मोर आहेत. मागून नुसत्या गाठी, दोऱ्यांची टोकं आणि सुई चुकली तिथे उसवून पुन्हा घातलेले टाके.

इतकी वर्षं याचं काही वाटलं नाही. तोरण येणाऱ्यासाठी असतं. आतल्यांना बघायला घरात माणसं होती. यंदा मुलीचा फोन आला, "आई, या दिवाळीला जमत नाहीये गं." मी म्हटलं, "राहू दे, सवडीने या." फोन ठेवला, स्टूल घेतलं आणि तोरण काढून मोर आत वळवले. दोन दिवस दार उघडं ठेवून खुर्चीतून त्यांच्याकडे पाहत बसले. मोर चांगलेच झालेत. पण आपणच केलेल्या वस्तूचं आपणच किती कौतुक करायचं?

आज समोरची शेजारीण केराचा डबा बाहेर ठेवताना म्हणाली, "काकू, तोरण उलटं लागलंय तुमचं."

"हो का? चष्मा नव्हता लावला."

ती आत गेल्यावर मी पुन्हा स्टूलवर चढले आणि मोर बाहेर वळवले. कोणी यायचं नाहीये, हे मला ठाऊक आहे. पण आलंच कोणी, तर त्याला दारातच माझ्या गाठी दिसायला नकोत.