सत्तावीस इंचांचा उतार

रायपूरच्या गुढियारीत हरिदास गोंडाणे दोन गोष्टींसाठी ओळखले जात. चौदा एप्रिलच्या सभेत ते अंधश्रद्धेवर असे काही तडकत, की पुढच्या रांगेतल्या बाया हातातले गंडे पदराखाली सारून घेत. आणि दुसरी गोष्ट, मालधक्क्यामागचं फुटबॉलचं मैदान. त्या मैदानावर माणसाचा एवढा जीव, की रेल्वेतून मुकादम म्हणून रिटायर झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला गडी चुन्याची बादली घेऊन तिथं हजर.

या दोन गोष्टींचं आपसात एक भांडण होतं, आणि ते एकट्या हरिदासांनाच ठाऊक होतं.

मैदानाच्या पश्चिमेच्या गोलात गोल जास्त होत. एखादं वर्ष नाही, दरवर्षी. मग पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, लोकांनी ठरवलं, तिथं काहीतरी आहे. सामन्याआधी त्या खांबाला नारळ फुटू लागला. बंडू नारळवाल्यानं तर कोपऱ्यावर गाडीच लावली. नारळ फुटायची वेळ झाली की हरिदास नेमके दुसऱ्या टोकाला जाऊन रेघ मारत बसत. लोक म्हणत, बौद्ध माणूस, नसेल पटत. पण खरी गोष्ट वेगळी होती. तिथं काय आहे हे हरिदासांना पक्कं माहीत होतं. तिथं त्यांची स्वतःची चूक होती.

झालं होतं असं. सन ऐंशीमध्ये हरिदास नवेनवे मुकादम झाले. गुढियारी क्रीडा मंडळानं मालधक्क्यामागची उंचसखल जागा मिळवली आणि त्यांच्या गँगचे सोळा जण रविवारी-रविवारी फावडी घेऊन ती सपाट करायला लागले. नव्या मुकादमाच्या हाती नवी लेव्हलची फळी होती. वळणावर गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून बाहेरचा रूळ जरा उंच ठेवतात. तो किती उंच, हे त्या फळीनं पाहतात. सहा फूट लांब फळी, मधोमध पाण्याचा बुडबुडा, आणि एका टोकाला खालून अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या पायऱ्या कापलेल्या. सरळ जागी सपाट बूड टेकवायचं, वळणावर पायरी. हरिदास महिनाभर वळणावरच काम करून आले होते. सवयीनं पायरी टेकवली, बुडबुडा मधे आला, खुश झाले, फळी पुढे सरकवली. असं चोपन्न वेळा. दर फळीमागे अर्धा इंच. पुढच्या पावसाळ्यात सगळं पाणी पश्चिमेला जमलं तेव्हा त्यांनी घरी कागदावर हिशोब मांडला, आणि तो कागद चुलीत घातला.

तेवीस वर्षं ते गप राहिले. लोकांना उतार दिसत नव्हता असं नाही, पण जमीनच तशी असेल म्हणून कोणी विचारलं नाही.

मग वेगळं राज्य झालं. रायपूर राजधानी झालं, चौकाचौकात नवे फलक लागले, आणि दोन वर्षांनी एक बातमी आली. देशातली फुटबॉलची व्यावसायिक लीग नव्या शहरांत जाणार. पाच शहरं पाहायची, दोन घ्यायची. रायपूर त्या पाचांत होतं. मंडळाचा सचिव शेखर दाणी, चौबे कॉलनीतला वकील, आनंदानं स्कूटर स्टँडला न लावताच उतरला.

"काका, पगारी खेळाडू येतील इथं! गोव्याचे, मणिपूरचे! आपल्या मैदानावर!"

"येऊ द्या ना," हरिदास म्हणाले, आणि बादलीतला चुना ढवळू लागले.

जानेवारीत लीगतर्फे पद्मिनी मॅडम पाहणीला आल्या. मूळच्या नागपूरच्या, स्वतः खेळलेल्या, गुडघ्याला पट्टा बांधून चालणाऱ्या. त्यांनी मैदानाला एक फेरी घातली, गोलपोस्ट हलवून पाहिले, दुबेच्या गवतावर हात फिरवला.

"कोण राखतं हे?"

"मी, मॅडम," हरिदास म्हणाले.

"छान राखलंय. या कागदावर सही करा. मैदान समतल आहे असं राखणाऱ्यानं लिहून द्यायचं असतं. मागाहून आमची माणसं मोजायला येतील, पण यादी त्याच्या आधीच लागेल."

शेखरनं घाईनं पेन पुढे केलं आणि कानाशी लागला. "टाका सही. एकदा यादीत नाव लागलं की मंग पाहू."

हरिदासांनी पेन घेतलं. छत्तीस वर्षं रुळावरून चालले होते. तडा दिसला की लाल झेंडी धरायची. मागून कोणती गाडी येते, तिच्यात कोण बसलं आहे, हे पाहायचं नाही. पण तिथं रूळ दुसऱ्याचा असे. इथं तडा त्यांनीच पाडलेला.

पेन त्यांनी शेखरच्या हातात परत दिलं.

"मॅडम, हे समतल नाई. पूर्वेकडून पश्चिमेले सत्तावीस इंच उतरते. अन् ते जमिनीनं नाई, मी केलं आहे."

शेखरनं डोळेच मिटून घेतले.

"सत्तावीस?" मॅडम म्हणाल्या. "अंदाजे सांगून राहिले की मोजून?"

"मोजून. चोपन्न फळ्या, एकीले अर्धा इंच."

मग त्यांनी सगळं सांगितलं. मॅडमना खरं वाटेना. शेजारच्या बांधकामावरून सपाटी पाहायची गवंड्याची पाण्याची नळी आणली, चाळीस-चाळीस फुटांचे टप्पे घेतले. सव्वीस इंच आणि वर बोटभर निघालं. मॅडम हसल्या. "काका, तुमची चूकबी मापात आहे." मग त्यांचा चेहरा कामाचा झाला. "मी खोटं लिहिणार नाही. पण यादीआधी मला एकदा पुन्हा येता येईल. चाळीस दिवस आहेत. सपाट दिसलं तर तसं लिहीन, नाही दिसलं तर तसं."

त्यांची गाडी वळल्याबरोबर शेखर फुटला. "तेवीस वर्षं गप होते ना काका? अजून एक दिवस काहून नाई राहवलं?"

"आतापर्यंत आपलेच पोट्टे पळत होते, शेखरभैया. ते शिव्या देऊन घरी जात. आता जे येतील त्याहिचं पोट आहे याच्यावर. माह्या चुकीवर कोणाचा पाय मोडावा काय?"

शेखर स्कूटरला लाथा मारत राहिला. ती सुरू व्हायलाही तयार नव्हती.

घरी कांताबाई ऐकून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "अवो, तेवीस वर्षं मले नाई सांगितलं?"

"तुले सांगणं अन् पाऱ्याले सांगणं एकच."

"मंग आता सांगा पाऱ्याले. तुमच्याच तोंडानं. सभेत लई मोठा आवाज निघते ना!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडळाच्या ओट्यावर हरिदासांनी सांगितलं. तिथं त्यांचा आवाज मोठा निघाला नाही. ऐकणाऱ्यांत त्यांच्या गँगचा दयाराम साहू होता, त्या सोळांतला. तो ओट्यावरून उठलाच.

"हव गा! तैं तेईस बछर ले पेट में रखे रहे?"

"रखे रहेंव," हरिदास त्याच्याच बोलीत म्हणाले. ठेवलं होतं खरं पोटात, तेवीस वर्षं.

बंडू नारळवाला मागून ओरडला, "काका, माहा धंदा बसवला न राजा! इतके वर्षं मी तुमच्या फळीपुढं नारळ विकून राहिलो!"

ओटा हसून लोळला. हरिदासांना वाटलं होतं लोक तोंड फिरवतील. लोकांनी त्यांची पार रेवडी उडवली, आणि ती पाच-सात मिनिटं सोसताना त्यांच्या छातीवरचं ओझं हलकं होत गेलं. शेवटी दयारामनंच विचारलं, "कितना खोदना हे?"

"पूर्वेले चौदा इंच काढायचं, पश्चिमेले चौदा भरायचं."

सोळांपैकी नऊ जण हयात होते. नऊचे नऊ आले. कोणाला मोतीबिंदू, कोणाचा खांदा धरलेला. पण रूळ उचलताना जी हाक देत, तीच हाक दयारामनं दिली तशी सगळ्यांची फावडी एकदम पडू लागली. तरणी पोरं आधी बघायला आली, मग घमेली उचलायला लागली. ट्रॅक्टर ब्राह्मणपाऱ्यातल्या एका गिट्टीवाल्यानं दिला. तो शेखरनं आणला. आठवडाभर शेखर मैदानाकडे फिरकला नव्हता. मग एके दिवशी ट्रॅक्टरवरच बसून आला. पँट दुमडली आणि माती ओढू लागला.

मोजायला हरिदासांनी नवी फळी करून घेतली. पायऱ्या कापायच्या आधी दयारामनं सुताराचा हात धरला. "पायरी मत काट भैया. ये आदमी फिर टिका देही."

तिसाव्या दिवशी पश्चिमेकडची भर रोलरखाली बसली. जवळजवळ तीन इंच. सगळे मटकन खाली बसले. हरिदास एकटे उभे होते. "भराव हमेशा बसते," ते म्हणाले. "नवीन लाइन टाकली की पहिल्या गाड्या हळू नेतात ते काहून? थर-थर करून भरायचं, पाणी मारायचं, दाबायचं." दहा दिवस त्यांनी तेच केलं. पहाटे टँकर, दिवसभर धुम्मसची ठोकाठोक, संध्याकाळी फळी. कांताबाई दुपारी भाकरी आणि टमाटरची चटणी घेऊन येत आणि नवरा जेवल्याशिवाय जागेवरून हलत नसत.

चाळिसाव्या दिवशी पद्मिनी मॅडम आल्या त्या तिपाईवरचं यंत्र घेऊनच. तासभर त्या त्यात डोळा घालून पाहत होत्या. कोणी बिडीसुद्धा पेटवली नाही.

"कुठं एक इंच, कुठं दीड," त्या म्हणाल्या. "एवढं चालतं. दूब पुन्हा लावावी लागेल."

"लावतो ना," हरिदास म्हणाले.

"काका, मी बरीच मैदानं पाहिली. आपलं मैदान वाकडं आहे असं सांगणारा तुम्ही पहिलेच." त्यांनी कागद पुढे केला. या वेळी हरिदासांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला, मग सही केली.

निकाल लागायला तीन आठवडे गेले. त्या दुपारी शेखर गल्लीत शिरला तो हॉर्न वाजवतच. हातात कागद होता. पहिलं वर्ष परीक्षेचं, पण जागा मिळाली होती. दोन शहरांत एक रायपूर. सरावाचं मैदान, गुढियारी.

"कांताकाकू! काका कुठं आहेत?"

कांताबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. आत खाटेवर हरिदास भिंतीकडे तोंड करून झोपले होते. पायांना अजून माती होती.

"रिटायर झाल्यापासून दुपारी पहिल्यांदा झोपून राहिले," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "काय आहे?"

शेखरनं कागद दाखवला. कांताबाईंनी तो दोनदा वाचला. डोळे पदरानं पुसले, आणि दारातली खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"बसा भैया, चाय टाकते. घंटाभर झोपू द्या त्याहिले. तुमची लीग काय पळून जाते?"