बेटावरचं घर आणि माझा एक होकार

आम्ही बेट सोडलं त्या सकाळी होडीत एक लोखंडी कपाट, दोन गाद्या, आईची शिलाई मशीन आणि आम्ही चौघं होतो. मी अठराची, धाकटा भाऊ दिलीप चौदाचा. मिठागर बंद पडलं होतं आणि बाबांना मीरा रोडच्या पेणकरपाड्यात नव्याने उभ्या राहणाऱ्या एका बिल्डिंगवर वॉचमनची नोकरी लागली होती. जन्मभर खाडीचं पाणी आत घेऊन मीठ पिकवणारा माणूस आता दुसऱ्याच्या सिमेंटच्या गोण्या राखणार होता. होडी मध्यावर आली तशी आई मागे वळून बघायला लागली. बाबा तिला म्हणाले, "बगू नको गो. दोन पावसालं काढू नि परत येव."

त्या दोन पावसाळ्यांची सत्तावीस वर्षं झाली.

दिलीप, तू मस्कतला आहेस, तुला यातलं अर्धंच माहीत आहे. आणि बेटावरचे तुम्ही बाकीचे, जे भाईंदर, मुर्धा, विरार असे विखुरलात, तुम्ही हल्ली ग्रुपवर विचारता, "सुनीताताई, तुम्ही घर रिनोव्हेट केलंत ना? ठेकेदाराचा नंबर टाका." मी ते मेसेज वाचते आणि फोन पालथा ठेवते. जुनी घरं पुन्हा राहती करायची हौस आता सगळ्यांनाच आली आहे, म्हणून हे लिहितेय.

बाबा चौऱ्याहत्तरचे झाले आणि त्यांच्या छातीचं दुखणं वाढलं. सातव्या मजल्यावरच्या आमच्या फ्लॅटच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे एसी दिसतात, बाकी काही नाही. ते तिथे खुर्ची टाकून बसायचे. एके दिवशी जेवताना ते म्हणाले, "मना आता घरा नेऊन सोड." मी म्हटलं, बाबा, आपण घरीच आहोत. त्यांनी भात तसाच ठेवला. त्याच आठवड्यात मी ठेकेदार शोधायला लागले.

मी मीरा रोडला पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर बसते. घर बांधण्यातलं मला काय कळणार? पण बेटावरचं घर म्हटल्यावर ठेकेदार कसे मागे सरतात हे लगेच कळलं. रस्ता नाही, वाळू, विटा, सळया सगळं माल वाहणाऱ्या पडावातून न्यायचं, तेही भरतीची वेळ साधून. एक जण फोटो बघूनच खर्च सांगायला तयार होता, होडीत बसायला नाही.

मग जोसेफ मिस्त्री आले. उत्तनचे, साठीतले, खाडीकाठची घरं बांधण्यातच केस पांढरे झालेले. घरात शिरल्यावर त्यांनी चहाही घेतला नाही. लहान हातोडीने भिंती, खांब, स्लॅब ठोकत फिरले. ओटीवरच्या खांबाचं प्लास्टर हाताने सोललं, तर आतली सळई बोटाने मोडेल इतकी गंजलेली. विहिरीवर गेले, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं.

"ताई, हे दुरुस्त होणार नाय," ते म्हणाले. "पाडा. जोतं तीन फूट वर घ्या. आणि या विहिरीचा एक थेंब कामात घालायचा नाय. गोडं पाणी भाईंदरहून ड्रमातून आणायचं. पावसाळ्यात काम बंद. दीड वर्ष धरून चाला."

"दीड वर्ष?" मी म्हटलं. "माझ्या वडिलांकडे तेवढा वेळ नाही हो."

त्यांनी हातोडी पिशवीत ठेवली. "मग त्यांना तसंच आणून ठेवा, एका खोलीत ताडपत्री बांधून. पण रंगरंगोटी करून फसवू नका."

मला राग आला. आजारी माणसाला ताडपत्रीखाली ठेवा म्हणतो! मी त्यांना परत फोन केला नाही.

मीरा रोडच्या एका तरुण ठेकेदाराने लॅपटॉपवर घराचं चित्र दाखवलं. तेच घर, पण पिवळ्या भिंती, कमोड, ओटीवर झोपाळा. म्हणाला, "मॅडम, स्ट्रक्चर ठीक आहे. खांबांना जाकीट करू, म्हणजे बाहेरून काँक्रीटचा नवा थर, नवीन प्लास्टर, वॉटरप्रूफिंग. चार महिने." तो वाईट माणूस होता असं मी आजही म्हणणार नाही. मला जे ऐकायचं होतं ते त्याने सांगितलं, एवढंच. मी चित्र बाबांना दाखवलं. त्यांनी झोपाळ्यावर बोट ठेवलं आणि कितीतरी दिवसांनी हसले.

काम सुरू झालं. दुसऱ्या महिन्यात लॅबमध्ये गर्दीच्या वेळी त्याचा फोन आला. "मॅडम, बोट दोन दिवस मिळत नाहीये. गोडं पाणी संपलंय, लेबर बसून आहे. विहिरीचं वापरू का? नाहीतर लेबर दुसरीकडे जाईल आणि काम महिनाभर पुढे."

त्याने विचारलं होतं. हे नीट वाचा, त्याने मला विचारलं होतं. मी मिठागरवाल्याची मुलगी. ऐन उन्हाळ्यात आमच्या विहिरीच्या पाण्याने डाळ शिजत नसे. मीठ लोखंडाचं काय करतं ते मी दारांच्या कड्यांवर लहानपणापासून बघितलं होतं. काउंटरवर बाई रिपोर्टसाठी ओरडत होती, आणि सकाळीच बाबांना खोकल्याची मोठी उबळ येऊन गेली होती. मी म्हटलं, "वापरा."

पुढे दोन दिवसांचं पाणी कायमचंच झालं. तेही मला माहीत होतं.

ठरल्याप्रमाणे चार महिन्यांनी घर तयार झालं. मी आईबाबांना होडीतून नेलं. बाबांनी चप्पल बाहेर काढून सगळ्या खोल्या बघितल्या, भिंतींना हात लावला, आणि अगदी सहज विचारलं, "पानी कुठलं घातलंस?"

"भाईंदरहून आणलं, बाबा. बोटीने."

त्यांनी मान हलवली.

ते तिथे सव्वा वर्ष राहिले. मी दर रविवारी जायचे. पहिला पावसाळा गेला आणि पिवळ्या रंगाला फोड आले. फोडाखाली पांढरी भुकटी. आई म्हणायची, ओल असेल. बाबा ओल्या फडक्याने भिंती पुसत बसायचे. मी गेले की भिंती स्वच्छ असायच्या, खालची फरशी मात्र पांढरट. ठेकेदाराला फोन केला तर तो म्हणाला, समुद्राच्या हवेत असं होतंच. मीही स्वतःला तेच सांगितलं.

दुसऱ्या पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या स्लॅबचा पोपडा सुटला. पोपडा कसला, हातभर लांबीचा तुकडा. आई भाकरी थापत होती. तिच्या डाव्या खांद्याचं हाड मोडलं. डोकं वाचलं ते ती पीठ घ्यायला वाकली म्हणून. त्याच दुपारी भर पावसात दोघांना होडीतून परत आणलं. आई कळवळत होती. बाबा हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते.

दिलीप, तुला मी फोनवर सांगितलं की आई घसरून पडली. ते खोटं होतं.

बाबा त्यानंतर तीन महिने जगले, त्याच सातव्या मजल्यावर. एका संध्याकाळी मला राहवेना. मी त्यांच्या कॉटशी बसून सगळं सांगून टाकलं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मना पयल्याच म्हयन्यान समाजलं व्हतं. मीठ मना वलखू येत न्हाय का?"

"मग बोलला का नाहीत, बाबा?"

"बोललो असतो तर तू मना परत आनलं असतंस."

एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं. मी फसवलं आणि त्यांनी फसवून घेतलं, आणि या दोघांच्या मध्ये आईचा खांदा मोडला. तिचा हात अजून वर जात नाही. केस मी विंचरून देते.

बाबांचे दिवस झाल्यावर मी जोसेफ मिस्त्रींकडे गेले. वाटलं होतं, ते ऐकवतील. त्यांनी आईची चौकशी केली आणि पुढच्याच आठवड्यात माणसं घेऊन आले. घर अकरा दिवसांत पाडून उतरवलं. सळया काढताना त्या हातात चुरत होत्या. शेवटच्या दिवशी त्यांनी विचारलं, "बांधायचं असेल तर बांधू आपण, नीट बांधू. पण राहणार कोण?" दिलीप, मी तुझं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझंही घेता येईना.

तेव्हा नंबर हवा असेल तर जोसेफ मिस्त्रींचा मागा. ते दीड वर्ष म्हणाले तर दीड वर्षच धरा. आणि त्याआधी, ज्यांच्यासाठी बांधताय त्यांना खरं सांगा, वेळ पुरणार नसेल तरी. बाबा कदाचित ताडपत्रीखालीही खूश राहिले असते. मी त्यांना विचारलंच नाही.

परवा रविवारी आई साडी बदलून दाराशी उभी राहिली. "चल, घरा जाऊन येव." पाडलेलं तिने स्वतः पाहिलंय, तिला सगळं आठवतं. तरी ती म्हणाली. मी तिचा उजवा हात धरला, लिफ्टने खाली नेलं. गेटबाहेर रिक्षा थांबली. रिक्षावाला म्हणाला, "कहाँ जाना है?"

मी आईकडे बघितलं. ती माझ्या उत्तराची वाट बघत होती.

"खाडी तक," मी म्हटलं. "और वापस."