अक्कांच्या पाट्यावरच्या गोगलगायी

धुळ्याहून शिरपूरची एसटी सुटली तेव्हा मी खिडकीशी एकटाच हसत होतो. शिरपूरच्या नानांनी, माझ्या जुन्या मित्राने, फोनवर फोटो पाठवला होता. त्यांच्या बहिणीचा, अक्कांचा, चटणी वाटायचा पाटा. विहीर खणताना निघालेला करडा दगड आणि त्यात पांढरे पीळ. गोगलगायी! साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या! खाली मात्र ओळ होती, ‘उद्या टाकी लावणारा येतोय.’ पाटा गुळगुळीत झाला की छिन्नीने टोचून खडबडीत करतात. म्हणजे माझ्या गोगलगायींचा भुगा ठरलेला.

वाटेत काळ्या दगडाच्या लांबलचक भिंती शेतांमधून सरळ धावत होत्या. जमिनीच्या भेगांत थिजलेला लाव्हा तो हाच, असं मी शेजारी बसलेल्या एका आबांना उत्साहाने सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला घरी कोण कोण असतं ते विचारलं.

शिरपूरहून नानांच्या मोटारसायकलवर सातपुड्याच्या पायथ्याचं अक्कांचं गाव गाठलं. टाकीवाला अंगणात छिन्नी काढून बसलाच होता. मी रामराम विसरून पाट्यावर झेपावलो. दगड ओला केला की आतलं स्पष्ट दिसतं, म्हणून सरळ जीभच लावली. सकाळचा ठेचा! नाकाडोळ्यांतून पाणी आलं, पण गोगलगायी काय सुरेख दिसल्या! अक्कांनी ताक दिलं, कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी वाढली, आणि पाहुणा दगड का चाटतो ते नानांना विचारलं.

मी भडाभडा सांगून टाकलं. लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या काळात इथे तळं होतं, त्यात या राहायच्या, मग पुढचा लाव्हा आला. अक्कांचा चेहरा उतरला. त्या महानुभाव पंथाच्या उपदेशी (दीक्षा घेतलेल्या), मुंगीलाही जपणाऱ्या.

“मंग आम्ही इतला वरीस जीव वाटी खाध्यात का, भाऊ?”

माझ्या जिभेला हाड नाही हेच खरं. आता त्या स्वतःच सगळं टोचून काढायला सांगणार, या भीतीने मी गारठलो. गोगलगायींचा कधीच दगड झालाय, असं पुन्हा पुन्हा सांगू लागलो. अक्कांचं लक्ष नव्हतं. पाट्यावरून हात फिरवत त्यांनी टाकीवाल्याला छिन्नी पिशवीत ठेवायला लावली.

“चटनी मिक्सरमा व्हई. पाटा आंगनमा ठेवसूत. पानी पडी तं त्यासले बरं वाटी.”

घरी परतून आठवडा झाला. जाणकार मित्रांनी फोटो पाहून जात विचारली, काळ विचारला, थर विचारला. गोगलगायींना बरं वाटतंय का, याचा विचार साडेसहा कोटी वर्षांत बहुधा अक्कांनीच पहिल्यांदा केला.