टीप कोणाच्या पगारात धरायची

बुधवार, १२ फेब्रुवारी, दुपारी साडेतीन, जेवणाची गर्दी ओसरल्यावर. हजर: तळोद्याच्या आमच्या खानावळीचे शेठ, बावीस वर्षं वाढप करणारे चाचा, भाकऱ्या थापणाऱ्या मावशी, आणि हिशेब, किराणा व सगळ्या याद्या सांभाळणारी मी.

चाचांनी सरकारी किमान वेतनाएवढा पगार मागितला होता. परिपत्रक मीच छापून आणलं होतं, त्यामुळे शेठ माझ्याकडेही जरा तिरकेच बघत होते. त्यांनी तोडगा जाहीर केला. उद्यापासून टीप गल्ल्याजवळच्या डब्यात टाकायची आणि महिनाअखेरीस ती पगारात धरायची. दोन्ही मिळून सरकारी आकडा भरला की झालं.

मी म्हटलं, टीप ही गिऱ्हाइकाची खुशी. किमान वेतन मालकाने तिच्याशिवाय पूर्ण द्यायचं असतं. शेठ म्हणाले, गिऱ्हाईक खूश होतं ते माझ्या हॉटेलवर, म्हणजे टीपही हॉटेलचीच.

चाचांनी लगेच मान डोलावली. मी हा माणूस ओळखते. तो इतक्या पटकन कबूल झाला की समजावं, काहीतरी शिजतंय.

गुरुवारपासून चाचा टीपेला हात लावेनात. हॉटेलच्या पैशाला नोकराने कसं शिवायचं? बिल आणि बडीशेपेची वाटी ते अदबीने शेठच्या हातात देत आणि टेबल दाखवत. टीप हातची जाऊ नये म्हणून शेठही उठत. मावशी भाकरी तव्यावर सोडून बघायला येत. दोन दिवसांत तीन भाकऱ्या करपल्या, त्या मी नुकसानीत धरल्या नाहीत.

शनिवारी रनाळ्याचं लग्नाचं वऱ्हाड जेवायला थांबलं. शेठ वाटी घेऊन गेले आणि गडबडीत बडीशेप एका म्हाताऱ्याच्या धोतरावर सांडली. म्हाताऱ्याने धोतर झटकलं, शेठच्या खिशात दहाची नोट खोचली आणि खांदा थोपटला.

"नवा शे का रे भो? शिकी जाशी. हाई ले, चहा पी लेजो."

शेठ नोट घेऊन गल्ल्याकडे आले तेव्हा चाचा डब्याचं झाकण उघडून तयारच उभे होते.

"शेठ, हाऊ पैसा कोना पगारमा धरना शे?"

मावशी तोंडाला पदर लावून आत पळाल्या. मी किराण्याच्या यादीत जिरे दोनदा लिहिले.

सोमवारी शेठनी सर्वांसमक्ष सांगितलं की टीप वाढणाऱ्याची आणि पगार या महिन्यापासून सरकारी दराने, वेगळा. मी तिथल्या तिथे वहीत उतरवून घेतलं. चाचांनी आणि मावशींनी खाली सह्या केल्या. शेठना मात्र तेवढ्यात फोन आला. मंगळवारी त्यांचा चष्मा घरी राहिला. काल मी वही पुढे केली तर म्हणाले, पेन चालत नाही. आता वहीला दोऱ्याने दोन पेनं बांधली आहेत. तर शेठ सकाळपासून मोलगीला, भाजीसाठी डांगर-भोपळे बघायला गेलेत म्हणे.

चाचा येता-जाता वहीत डोकावतात.

आजच्या यादीत कांदे आले, गॅस आला, पाण्याची टाकी धुतली. पगाराच्या तारखेच्या आत शेठची सही घेणे, हे बाकी.