सूचनेत वरी नव्हती

नोकरीत मृत्यू पुष्कळ पाहिले. पापडी गावाजवळच्या एका बागायती वाडीतला तो एक मात्र अजून मनातून उतरत नाही.

नवरात्र बसले त्या दिवशी सकाळी आमच्या पोलीस ठाण्यात पत्र आले. कामणच्या एका गोदामातून दुकानांत गेलेल्या भगरीच्या पिठाने काही जणांना विषबाधा झाली होती. जाहीर सूचनेचा मजकूर मीच लिहिला : ‘उपवासासाठी सुट्या भगरीचे पीठ वापरू नये.’ रिक्षावर भोंगा बांधला, गावोगाव तो वाचला गेला. स्टेशन डायरीत नोंद केली आणि काम झाले असे समजलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी निनावी फोन आला. “वाडीतली म्हातारी गेली, साहेब. सुनेनंच काहीतरी घातलं. रोजची भांडणं होती.”

सासू सत्तरीची. पहाटेपासून उलट्या, अंगाला कापरे. रुग्णालयात नेईपर्यंत संपली. मुलगा आधीच वारलेला, घरात या दोघीच. अकस्मात मृत्यूची नोंद घेतली, व्हिसेरा राखून ठेवला, घरी जाऊन पंचनामा केला. अंगणात माणसे जमली होती. शेजारीण सुनेला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, “आता काय, वाडी मोकळीच झाली बाईला.” कोणीही तिला गप्प केले नाही.

सुनेला ठाण्यात आणले. तिलाही उलट्या झाल्या होत्या, पण थोड्या. मला तोच पुरावा वाटला.

“तुम्ही कमी कसं खाल्लंत?”

“आधी सासूबाईंना वाढते. उरेल ते माझं.”

“काय केलं होतं?”

“थालीपीठं. वरीच्या पिठाची.”

“काल भोंगा ऐकला नाही?”

“ऐकला की. सासूबाई हसल्या. म्हणाल्या, भगर घाटावरचे खातात, आपल्याला काय त्याचं!”

शेजारी उभ्या असलेल्या महिला हवालदार इथल्याच, आगाशीच्या. त्या हळूच म्हणाल्या, “साहेब, भगर म्हणजेच वरी. आमच्याकडे भगर कोणी म्हणत नाही.”

“मग काल का बोलला नाहीत?”

“कागद तुम्ही थेट रिक्षावाल्याच्या हातात दिलात.”

मी नगरचा. पत्नी रत्नागिरीची. तीस वर्षे ती वरी म्हणाली आणि मी भगर. जेवताना कधी अडले नाही. कागद घरी दाखवला असता तर तिने तो शब्द हसत घातला असता. आता तीही नाही.

तासाभरात नवी सूचना फिरवली : ‘भगर, म्हणजेच वरी.’ एव्हरशाईन सिटी या वसाहतीतून दोन बायकांचे फोन आले, डबे रिकामे केले म्हणून. वाडीतल्या डब्यातले पीठ पुढे तपासणीत दूषितच ठरले.

सुनेला जायला सांगितले. ती दाराशी थांबली.

“साहेब, एक सांगू? माझ्यावर संशय नाही, हेही भोंग्यावर सांगा ना. गाव ऐकतं त्याचं.”

“तसं जाहीर करता येत नाही, बाई.”

तिने मान हलवली, पदर डोक्यावर घेतला आणि गेली.

सूचना काढणाऱ्याने ती ऐकणाऱ्याच्या घरात त्या वस्तूला काय म्हणतात ते आधी विचारावे, हे मी त्या दिवशी शिकलो. नियमात नसलेले एखादे वाक्य कधी बोलून टाकावे, हे कळायला मात्र निवृत्त व्हावे लागले. वर्षभरात तिने वाडी विकली. कुठे गेली, हे गावात कोणी सांगू शकले नाही.