हळदीच्या व्हिडिओचा कडेकोट बंदोबस्त

आमच्या हळदीचा व्हिडिओ सुरक्षित राहावा म्हणून मी घरात एक यंत्र आणलं, आणि त्यामुळेच तो गेला.

करंजाड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये ते टीव्हीखाली बसलं. मिठाईच्या खोक्याएवढं, आत दोन हार्ड डिस्क. घरातले सगळे फोटो, व्हिडिओ त्यात ठेवायचे आणि टीव्हीवर बघायचे. प्रश्न एवढाच, की डिस्कची 'रेड' नावाची मांडणी कुठली निवडायची? म्हणजे दोन्ही डिस्क जोडून एकच मोठी जागा करायची, की दोन्हींवर तेच तेच ठेवायचं? यावर मी जेवढा अभ्यास केला तेवढा दहावीलाही केला नव्हता. शेवटी दुसरा पर्याय घेतला. एक डिस्क बिघडली तरी दुसरी आहेच.

"म्हणजे डिस्क दोन आणि जागा एकाची?" माझी बायको सुवर्णा म्हणाली.

याला दूरदृष्टी म्हणतात, असं मी तिला सांगितलं. त्याच दूरदृष्टीने हळदीचा पेनड्राइव्ह पुसून त्यात गाडीसाठी गाणी भरली. दोन प्रती असताना तिसरी कशाला? (शूटिंगवाल्याने दुकान केव्हाच बंद केलंय, हे मला पक्कं ठाऊक होतं.)

त्या व्हिडिओत माझे सासरे नाचतात. आयुष्यात एकदाच नाचले, मुलीच्या हळदीला. आता ते नाहीत. सासूबाईंना तो नाच बघायचा होता, म्हणून त्या बेलपाड्याहून भावाला, म्हणजे आमच्या मामांना घेऊन आल्या.

सासरे टीव्हीवर आले. सासूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या, मधूनच डोळे पुसत होत्या. मामांनी मात्र मोबाईल तोंडासमोर धरला होता. एवढं यंत्र आणलं आणि हा माणूस मोबाईल बघतोय, याचा मला राग आला. गप्प बसायला हवं होतं. पण मी उठलो, टीव्हीसमोर उभा राहिलो आणि चालू यंत्रातली एक डिस्क ओढून काढली. यंत्र बीप बीप करू लागलं, सासरे मात्र नाचतच राहिले.

"बघा मामा, आता काहीही झालं तरी हा व्हिडिओ जाणार नाही."

"दोनी डिस्कमदी सारखाच हाय ना?"

"अगदी सारखाच."

"मंग ही पन काढून बघू," म्हणत मामांनी मोकळ्या हाताने दुसरी ओढली.

टीव्ही काळा झाला. सासऱ्यांचा एक पाय तेव्हा हवेत होता.

मी घाईघाईने दोन्ही डिस्क परत खुपसल्या. यंत्राने विचारलं, नव्याने सुरुवात करायची का? खाली लाल अक्षरांत बरंच काही लिहिलं होतं. ते वाचतो कोण? मी 'हो' दाबलं. यंत्राने सुरुवात केली, अगदी कोरी.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "जावय, पुना लावा ना यांचा नाच." धरणीने पोटात घ्यावं असं मला वाटलं, पण आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो.

मामांनी मोबाईल पुढे केला. "रडू नको गो. मी टीव्हीवरचा सगला घेतलाय याच्यामदी."

आमच्या हळदीचा आज तेवढाच व्हिडिओ उरलाय, जरा तिरका. सासूबाई तो रोज बघतात, नातेवाइकांनाही पाठवतात. त्यात सासरे मनापासून नाचतात. मग एक टकला माणूस त्यांच्या आड येऊन उभा राहतो आणि ठामपणे सांगतो, "आता काहीही झालं तरी हा व्हिडिओ जाणार नाही."