शिमग्याआधी पडलेले फूल

अर्जदार : लहू, राहणार वरची वाडी, वैशाखरेनजीक, तालुका मुरबाड, हल्ली मुक्काम शहापूरजवळील वीटभट्टी.

सामनेवाली : गोमीबाई, राहणार खालची वाडी, गाव तेच. अर्जदाराची होऊ घातलेली विहीण.

साक्षीदार : जनी, अर्जदाराची मुलगी (हिचे लग्न गोमीबाईच्या मुलाशी ठरले आहे), आणि धाकूबाबा, दोन्ही वाड्यांचा भगत (देवाचे करणारा).

तारीख : पाडव्यानंतरचा रविवार.

विषय : मोहाचे फूल शिमग्याच्या पूजेआधी उचलल्याबद्दल, व त्या कारणाने ठरलेले लग्न मोडण्याबद्दल.

वरील मजकूर लहूने मला शहापुरात, कचेरीबाहेरच्या चिंचेखाली सांगितला. त्या चिंचेखाली बसून मी गेली अनेक वर्षे लोकांचे अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंतच झाले, परंतु माझ्या मसुद्यातला शब्द बदलावा असे साहेबलोकांना सहसा वाटलेले नाही, हे येथे नमूद करतो. माझा एक नियम आहे. ज्या अर्जाने कोणाचे लग्न, जमीन किंवा अब्रू जाणार असेल, तो अर्ज मी जागा पाहिल्याशिवाय लिहीत नाही. हे लहूला सांगताच तो म्हणाला, "चला मंग. डोल्यानं बघा." त्याला त्या दिवशी भट्टीवर सुटी होती. अशा रीतीने हा प्रवास घडला.

वाचकांना आधी रिवाज समजला पाहिजे. दोन्ही वाड्यांत मोहाची झाडे घराघरांना वाटून दिलेली आहेत. शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी भगत पहिले फूल देवाला वाहतो. तोवर आपल्या झाडाखाली आपोआप गळून पडलेले फूलही उचलायचे नाही. पूजा झाली की प्रत्येक घर पहाटे टोपली घेऊन वेचायला निघते. वाळवलेले फूल पावसाळ्यात, घरातला दाणा आटला की, उकडून खातात. वरच्या वाडीची माणसे दिवाळीनंतर भट्ट्यांवर जातात ती शिमग्यालाच घरी येतात, आणि फूलही नेमके त्याच सुमारास पडायचे. खालच्या वाडीला थोडी भातशेती आहे, म्हणून तिथले लोक गावातच राहतात.

शहापूरहून किन्हवलीची एसटी सकाळची असूनही तिचा पत्रा तापू लागला होता. लहू खिडकीशी बसला आणि टॉवेलाने तोंड पुसत राहिला. रस्त्याच्या कडेला एका आंब्याच्या एका अंगाला कैऱ्या लोंबत होत्या, तर दुसऱ्या अंगाला नुकताच मोहोर फुटत होता. मी ते शेजारच्या शेतकरी गृहस्थांना दाखवले. ते पाहण्याचे कष्ट न घेता म्हणाले, "तसाच हाय आता. मोहोर दोनदा, आनि आंबा एकदापन नाय."

किन्हवलीला पुढची गाडी निघून गेली होती. अखेर शेळ्या घेऊन टोकावड्याच्या बाजाराला निघालेल्या एका टेम्पोत आम्हांस जागा मिळाली. सरळगाव मागे पडेपर्यंत एका शेळीने माझ्या पिशवीत तोंड घालून कोऱ्या कागदांचे दोन ताव खाल्ले होते. मी ओरडलो. लहू त्या दिवसात प्रथमच हसला. "खाऊ द्या. साहेब लिवलेला खातात, ही बिचारी कोरा खाते."

टोकावड्याला धाब्यावर चहा घेतला. बाहेर एक म्हातारी पळसाच्या पानांवर पिकलेली करवंदे घेऊन बसली होती. करवंद वैशाखात पिकते, असे मी लहानपणापासून मानत आलो आहे.

"आजी, ही आत्ताच पिकली?" मी विचारले.

"मी नाय पिकवली रे बाबा. झालीनं (झाडीने) पिकवली." तिने एक पान भरून पुढे केले. "खा. वैशाखात काय खाशील ते मला इचारू नको."

करवंदे लहान होती, आणि गोडीपेक्षा त्यांच्यात बीच जास्त होते.

वैशाखऱ्याला उतरलो तेव्हा समोर सह्याद्रीची भिंत उभी होती आणि नानाचा अंगठा उन्हात पांढुरका दिसत होता. तिथून पायवाट. वाटेत एक ओढा लागला. त्याच्या डोहात वैशाखापर्यंत खेकडे मिळत, असे लहूने सांगितले. आता तिथे भेगाळलेला गाळ होता आणि गाळात कोणा जनावराने पाणी हुंगत उकरलेला खड्डा होता. खड्डाही कोरडाच होता. मी तिथे थोडा वेळ उभा राहिलो. माणसाला नळ नाही मिळाला तर तो अर्ज करतो. त्या जनावराने उकरून पाहिले आणि ते निघून गेले, एवढेच त्या जागेवरून कळत होते.

वरच्या वाडीत अर्ध्याअधिक घरांना कुलपे होती. जनी घर सांभाळायला मागे राहिली होती. वय विशीच्या आत, बोलणे नेमके. तिने कोरा चहा दिला आणि न सांगता आम्हांस झाडांकडे घेऊन गेली.

लहूच्या झाडांना तांबूस पालवी फुटून ती हिरवी पडत चालली होती, आणि पालवीत मोहट्या (मोहाची फळे) धरल्या होत्या. झाडांखाली काळपट, चिकट थर होता. त्याला आंबूस वास येत होता. त्यावर माशाही बसत नव्हत्या.

"हा सगला फूल," जनी म्हणाली. "माघात पडला. थंडी गेलीच नव्हती धड, मधीच पाऊस आला, मंग एकदम ऊन. आनि सुरू झाला पडायला. रोज पहाटे दोन भेकरा यायची खायला. मानसानं उचलायचा नाय, पन भेकरांना कोन सांगनार?"

मी तिला समजावले की अधिक महिन्यामुळे शिमगा मागेपुढे होतो, तेव्हा यात नवल नसावे. हा मुद्दा मला वजनदार वाटला होता.

"अधिक तवापन यायचा," ती म्हणाली. "आठ-धा दिस इकडं, आठ-धा दिस तिकडं. आता महिन्याचा फरक पडला. पूजेच्या दिशी झालावर एक फूल नव्हता."

"आणि खालच्या वाडीने?"

"त्यांनी उचलला," लहू मध्येच म्हणाला. "त्या गोमीनं पयला हात लावला. मंग सगल्या बाया लागल्या. तिच्या माल्यावर डबं भरलेलं हायेत, मी शिमग्याला बघितलं. आमच्या झालांखाली ही राड. देवाचा नेम मोडनाऱ्याच्या घरात मी पोरगी देनार नाय."

जनी जमिनीकडे पाहत होती. मग तिने मान वर केली. "आबा, मी फोन केलता."

"जनी."

"केलता. मी म्हनला, फूल पडतोय, उचलू का. तुमी म्हनलात, शिमग्यापत्तोर हात लावू नको." ती माझ्याकडे वळली. "हेपन लिवा."

मी पिशवीतून कागद काढला आणि तसाच परत ठेवला. भट्टीवरून या झाडांपर्यंतचा रस्ता मी त्याच दिवशी पाहिला होता. त्या अंतरावरून लहूने दुसरे काय सांगायला हवे होते, ते मला सुचले नाही.

सामनेवालीचे म्हणणे ऐकल्याशिवाय जागेची पाहणी पुरी होत नाही. म्हणून आम्ही खालच्या वाडीत उतरलो. जनीही मागोमाग आली. वाद चालू असताना त्या घरचे पाणी प्यायचे नाही, असा तिकडे दंडक आहे. लहू गोमीबाईच्या अंगणाबाहेर, कुडाच्या कुंपणाशी उन्हातच उभा राहिला.

गोमीबाई पन्नाशीच्या, आवाज मोठा. "या, लिवनारे बाबा, बसा. आनि ते भाईर कोन उभा हाय? इवाय (व्याही) का पोलीस?"

मी त्यांना तक्रारीचा मजकूर वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकला.

"खरा हाय. उचलला मी," त्या म्हणाल्या. "माज्या झालांचा. त्याच्या एका झालाखाली मी वाकले नाय. जाता येता त्याचा फूल सडताना बघत व्हते. पन दुसऱ्याचा झाल, दुसऱ्याचा नेम. माजा मात्र मी सडू दिला नाय. श्रावनात पोरांना काय घालू, नेम?"

कुंपणापलीकडून आवाज आला, "देवाला इचारलास का?"

"देव आला व्हता का भट्टीवरनं, इचारायला?"

हा आवाज ऐकून धाकूबाबा आले. काठी, डोक्याला फडके, डोळ्यांत पाणी साचलेले. त्यांचा जबाब घेणे भाग होते. मी त्यांस सरळ प्रश्न केला : शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी झाडांवर फूल नव्हते, असे सर्वांचे म्हणणे आहे. मग त्या दिवशी देवाला कोणते फूल वाहिले?

धाकूबाबांनी जनीकडे पाहिले. गोमीबाईंनी चुलीकडे पाहिले.

"मी आनलेला," जनी म्हणाली. "हितून. वालवलेला. रातच्याला पान्यात घातला, सकाली फुगून ताज्यावानी झाला. धाकूबाबांना सांगून दिला."

"फुलाबिगर पूजा नाय," धाकूबाबा म्हणाले. "आनि पूजेबिगर फूल नाय. मी काय करू? आजवर असा पेच नव्हता. मी देवाला सांगला, बाबा, हा घे, यंदा असाच हाय."

लहू त्या पूजेला हजर होता. तो पाया पडला होता. त्याने त्याच फुलाचा प्रसाद खाल्ला होता.

"म्हंजे मी खाल्ला तो..." तो कुंपणापलीकडून म्हणाला.

"माजाच," गोमीबाई म्हणाल्या. "गोड लागला ना?"

मला वाटले आता भांडण पेटणार. लहूने कुडाच्या काठीला धरले आणि ती काठी हलते की काय हे तपासत असल्यासारखा तो उभा राहिला. माझ्या मनात अर्जाची मांडणी कोसळत होती. गोमीबाई दोषी, तर जनी दोषी, भगत दोषी, आणि प्रसाद खाणारा अर्जदारही दोषी.

मग तो अंगणात आला, पायरीवर बसला आणि खाली पाहून म्हणाला, "पानी दे गो."

गोमीबाईंनी तांब्या आणला. त्यांनी तो पदराने पुसून लहूच्या हातात दिला. जनी लगबगीने आत गेली. जरा वेळाने तांदळाची भाकरी, आणि वालाबरोबर उकडलेले मोहाचे फूल पानांवर आले. फूल मनुकेसारखे, पण मागे किंचित कडसर. मी दोनदा घेतले.

लग्न वाचले, हे स्पष्ट झाले. परंतु जेवताना लहूच्या चेहऱ्यावर समाधान नव्हते. "पुढल्या सालचा काय?" तो म्हणाला. "फूल माघात पडनार, मी भट्टीवर. शेट एकदा सोडतो, शिमग्याला. माघात येऊ तर शिमग्याला घर नाय, शिमग्याला येऊ तर फूल नाय."

"मी पूजा माघात घालीन," धाकूबाबा म्हणाले. "फूल पडला की."

"आनि वेचू आमी," गोमीबाई म्हणाल्या. "जनी हितंच असनार. सून माजी, फूल तुजा. तुज्या डब्यात भरून ठेवू."

लहूने मान डोलावली. मला वाटले, येथे प्रश्न मिटला. निघताना धाकूबाबांनी मला देवाच्या दगडापाशी नेले. तिथे एक मोह आहे, सर्वांत जुना, चार माणसांच्या कवेत न मावणारा. तो कोणा घराचा नाही, देवाचा आहे. त्याच्या फांद्या उघड्या होत्या. फूल नव्हते, फळ नव्हते, पालवीही तुरळक होती.

"हा यंदा फुललाच नाय," ते हळू आवाजात म्हणाले. लहूला ऐकू जाऊ नये, अशी त्यांची इच्छा दिसली. "मी पूजा माघात घालीन म्हनलो. पन फूल दिवालीला पडला तर? अर्धा हितं, अर्धा तितं पडला तर? आनि समदीच या म्हाताऱ्यावानी गप बसली, तर मी कुठला दिस धरू?"

मी अर्जात उत्तर नसलेला प्रश्न कधी ठेवत नाही. हा मात्र मी तसाच कागदावर उतरवला.

परतीची एसटी मिळाली. शहापूर जवळ आले तेव्हा भट्ट्या दिसू लागल्या. त्यांचा धूर संध्याकाळच्या उन्हात आडवा पसरला होता. तिथल्या विटा शहरात जातात आणि तिथे कोणाची तरी घरे उभी राहतात. त्या घरांतल्या माणसांना मोहाचे फूल कधी पडते, हे ठाऊक असण्याचे कारण नाही. उतरताना लहूने विचारले, "मंग अर्ज लिवनार का नाय?"

"लिहीन," मी म्हणालो. "पण सामनेवाला कोण घालू?"

तो भट्टीच्या वाटेला लागला, आणि गाडी सुटली.

तरी हा मजकूर वाचकांपुढे अर्ज म्हणूनच ठेवत आहे. वर सामनेवालीच्या जागी असलेले गोमीबाईंचे नाव मी आता खोडले आहे, असे समजावे. ती जागा कोरी आहे. ऋतू ज्यांच्या अखत्यारीत असतील, किंवा ते ज्यांच्या हातून बिघडले असतील, त्यांनी तिथे आपले नाव आपणहून घालावे. अर्जदाराचे मागणे फार नाही. भरपाई नको. दिवाळीनंतर तो भट्टीवर जाईल, त्याआधी त्याला एवढेच कळावे की येत्या वर्षी मोहाचे फूल केव्हा पडेल, आणि पडेल की नाही.

उत्तर लेखी नसले तरी चालेल. फूल पडण्याआधी मिळावे, ही विनंती.